ऐंशीवं पाखंड

एका जंगलात मेंढ्यांचा एक मठ होता. मुलांनो, मांडी घालून नीट बसा. ही धर्माची गोष्ट आहे, आणि धर्माच्या गोष्टीत चुळबुळ केलेली कुणाला आवडत नाही.

फार पूर्वी या जंगलात एक मेंढपाळ आला होता. एक कोकरू काटेरी झुडपात अडकलं होतं. मेंढपाळाने ते सोडवलं, खांद्यावर घेतलं आणि कळपात आणून ठेवलं. मग तो निघून गेला. जाताना ‘परत येईन’ म्हणाला. सगळा धर्म एवढाच. शंभर वर्षं प्राण्यांना तो पुरला. रविवारी जमायचं, गोष्ट ऐकायची, थोडं रडायचं आणि घरी जायचं.

मग मठाला बिशप मिळाले. बिशप म्हणजे सगळ्यांत मोठे धर्मगुरू. ते एडका होते, चांगले धिप्पाड, बाहेर वळलेल्या शिंगांचे. आता बिशप म्हटल्यावर त्यांना काहीतरी काम हवं. त्यांनी एक ग्रंथ काढायचं ठरवलं. नाव ठेवलं ‘पाखंडांचा समाचार’.

पाखंड म्हणजे काय, सांगतो. मेंढपाळावर श्रद्धा आहे, पण बिशपांना हवी तशी नाही, ते पाखंड. अजिबात श्रद्धा नसली तर चालतं. लांडग्याला कुणी पाखंडी म्हणत नाही. त्याला लांडगेसाहेब म्हणतात.

ग्रंथात बरोबर ऐंशी पाखंडं हवी होती. मठाच्या जुन्या गीतात म्हटलं होतं की, मेंढपाळाने कोकराच्या अंगातून ऐंशी काटे काढले. मठातल्या विद्वानांनी त्याचा अर्थ लावला, की एक काटा म्हणजे एक पाखंड. म्हणजे जंगलात पाखंडं ऐंशीच असणार. फक्त शोधायचा अवकाश.

लिहायचं काम बंधू नाथानकडे होतं. तो साळिंदर होता. स्वतःच्या अंगावरचा काटा उपटायचा, शाईत बुडवायचा आणि लिहायचा. अक्षर मोत्यासारखं. चित्रं काढायला लूक नावाचा सरडा होता. रंगांची त्याच्याकडे उपजत सोय होती.

काम झपाट्याने झालं. कोकरू फक्त डाव्या खांद्यावर घेतलं होतं म्हणणारे, हे बारावं पाखंड. मेंढपाळाला दाढी नव्हती म्हणणारे, हे एकतिसावं. गीताच्या वेळी बेडकांचा सूर लागत नव्हता, ते त्रेपन्नावं. एकोणऐंशीपर्यंत गाडी आली आणि अडली. सण पंधरा दिवसांवर आला होता. सणाला ग्रंथाचं प्रकाशन होतं, आणि जंगलात एकही पाखंडी शिल्लक नव्हता.

“एक कमी आहे,” नाथान म्हणाला.

“गीत खोटं आहे का?” बिशपांनी विचारलं.

“नाही.”

“मग तू नीट शोधत नाहीयेस.”

नाथान बाहेर पडला. मठाच्या फाटकाजवळ त्याला याकोब भेटला.

याकोब हे म्हातारं कासव होतं. तळ्यावर राहायचं. रविवारच्या प्रार्थनेला यायला ते गुरुवारीच घरून निघायचं. चाळीस वर्षांत त्याचा एकही रविवार चुकला नव्हता. प्रार्थना झाली की ते मठाच्या दफनभूमीत जायचं. तिथे त्याची बायको मार्था पुरलेली होती. तिच्या शेजारची हातभर जागा याकोबने आपल्यासाठी सांगून ठेवली होती. त्याला दुसरं काही नको होतं. ना स्वर्गात वरची जागा, ना मठात पुढची.

“याकोबकाका,” नाथानने विचारलं, “मेंढपाळाने कोकराला खांद्यावरून आणलं. तुमचं काय म्हणणं?”

“आणलं की. फार चांगलं केलं.”

“आणि तुम्ही कसे आलात?”

“मला कोण उचलणार बाबा? मी आपला चालत आलो.”

नाथानने तिथल्या तिथे पाठीवरचा काटा उपटला.

बिशप खूश झाले. “म्हणजे याचं म्हणणं असं, की मेंढपाळाने उचलायची गरजच नाही. आपल्या पायांनीही पोहोचता येतं. भयंकर आहे. याला नाव काय देऊ या?”

“चालतपंथ,” नाथान म्हणाला.

“विस्ताराने लिही. शत्रू तगडा दाखवला नाही, तर त्याला हाणण्यात आपली काय शोभा?”

नाथानने विस्ताराने लिहिलं. आता याकोब तर एकच वाक्य बोलला होता. म्हणून बाकीचं नाथानने स्वतः विचार करून लिहिलं. मुलांनो, नाथान हुशार होता आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः विचार करायला मिळाला होता. चालतपंथाची सात तत्त्वं झाली, प्रत्येक तत्त्वाला तीन दाखले, मध्ये मध्ये सुंदर उपमा. तीस पानं भरली. एवढ्यात सण आला. खंडनासाठी चारच ओळी उरल्या. त्यांत त्याने लिहिलं, ‘हे सर्व अर्थातच खोटे आहे.’

चित्राचेही नियम होते. पाखंडी हा मेंढपाळाच्या पायाखाली हवा. त्याला सुळे हवेत, शिंगं हवीत आणि हातातून पोथी गळून पडताना दिसायला हवी.

“बिशपसाहेब,” लूक म्हणाला, “शिंगं तर आपल्यालाही आहेत.”

“माझी बाहेर वळलेली आहेत. त्याची आत वळव.”

लूकने आत वळवली.

याकोबला धर्मसभेपुढे उभं केलं, तेव्हा चित्र भिंतीवर टांगलेलं होतं. याकोबने मान बाहेर काढून ते बराच वेळ पाहिलं.

“हा कोण हो?” त्याने विचारलं. “फार वाईट दिसतोय.”

“तुम्ही,” नाथान म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

मग तीस पानं वाचून दाखवली. दुपार झाली.

“छान लिहिलंय,” याकोब म्हणाला. “पण हे मी बोललो नाही.”

“ग्रंथात आहे,” बिशप म्हणाले.

“ग्रंथ तुमचाच आहे ना?”

“म्हणून तर विश्वासार्ह आहे.”

याकोब थोडा वेळ कवचात गेला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, “बरं. बोललो असेन. चुकलो. शब्द मागे घेतो. मेंढपाळानेच मला उचलून आणलं. हवं तर रोज उचलून आणतो असं लिहा. फक्त मार्थाशेजारची जागा काढून घेऊ नका.”

सभा विचारात पडली. याकोबने माघार घेतली तर पाखंडं पुन्हा एकोणऐंशी होणार. गीत खोटं ठरणार. सभेने एकमताने त्याची माघार फेटाळली. आणि पाखंड्याला मठाच्या दफनभूमीत जागा नसते, हा तर पहिल्यापासूनचा नियमच. सूर्यास्ताच्या आत मठाची हद्द सोडण्याचा त्याला हुकूम झाला. हद्द सोडायला त्याला अकरा दिवस लागले. प्रत्येक सूर्यास्ताला एक मेंढा येऊन हुकूम पुन्हा वाचून जायचा.

मला त्या म्हाताऱ्याचं फार वाईट वाटतं. असो. गोष्ट पुढे आहे.

ग्रंथाच्या प्रती निघाल्या. दर रविवारी गावोगावी एकेक पाखंड जाहीर वाचायचं, म्हणजे लोकांना त्यापासून लांब राहता येईल, असं ठरलं. शेवटी ऐंशीव्याची पाळी आली. गोगलगाई ऐकत होत्या. लंगडं हरीण ऐकत होतं. ओझी वाहून थकलेली गाढवं ऐकत होती. यांच्यापैकी कुणाला कधी कुणी खांद्यावर घेतलं नव्हतं. तीस पानं त्यांनी डोळ्यांत पाणी आणून ऐकली. चार ओळींच्या वेळी ते घरी जायला उठले होते.

तीन वर्षांत अर्धं जंगल चालतपंथी झालं. त्यांनी टेकडीवर स्वतःचं देऊळ बांधलं. आत लूकचं ते चित्र लावलं. संस्थापकाचं जगात तेवढंच एक चित्र होतं ना. वरचा मेंढपाळाचा पाय तेवढा खरवडून काढला. सुळे आणि शिंगं राहू दिली. सणाला सगळे आत वळलेली शिंगं लावून नाचू लागले.

एके दिवशी त्यांची मंडळी संस्थापकाला शोधत मठाच्या हद्दीवरच्या ओढ्यापलीकडे आली. एका गाढवाने नमस्कार केला.

“आपणच याकोब?”

“मीच. पण बाबांनो, ते मी काही बोललो नव्हतो. माझी मेंढपाळावर श्रद्धा आहे. मला फक्त मार्थाजवळ जायचंय.”

मंडळींनी त्याच्याकडे पाहिलं. मग चित्राची प्रत काढून पाहिली. मग बाजूला जाऊन चर्चा केली.

“शिंगं नाहीत,” गाढव परत येऊन म्हणालं. “आणि सातातलं एकही तत्त्व तुम्हाला येत नाही. तुम्ही तोतये आहात.”

त्यांनीही एक ग्रंथ काढायला घेतला होता. त्यात त्यांनी पहिलंच पाखंड याकोबच्या नावे लिहिलं.

इकडे नाथानला राहवेना. तो बिशपांकडे गेला आणि म्हणाला, “साहेब, ते मी रचलं होतं. म्हाताऱ्याला परत येऊ द्या.” बिशप म्हणाले, “तू रचलंस, म्हणजे चालतपंथ तुझा?” नाथान परत लिहायला बसला. आजही तो उत्तम अक्षरात लिहितो.

याकोब मात्र निघाला. कुणाची परवानगी न घेता, आपल्या चालीने. अकराव्या दिवशी मठाच्या दफनभूमीत पोहोचला. मार्थाच्या जागी खड्डा होता.

“नेली,” पहाऱ्यावरचा मेंढा म्हणाला. “चालतपंथीयांनी हाडं मागून घेतली. संस्थापकाची पत्नी म्हणून टेकडीवरच्या देवळात सोन्याच्या पेटीत ठेवली आहेत. आता त्यांना मार्थामाता म्हणतात.”

“मला जाता येईल का तिथे?”

“तुम्हाला? तोतयांना दारातही उभं करत नाहीत म्हणे.”

याकोब खड्ड्याच्या काठावर एक रात्र बसला. सकाळी त्याने तोंड टेकडीकडे वळवलं.

टेकडी उंच आहे. तो अजून वाटेत आहे. मठातल्या मेंढ्या त्याला पाहिलं की कोकरांना सांगतात, “तो बघा, स्वतःच्या पायांनी जायला निघालाय, पाखंडी.” टेकडीवरचे चालतपंथी पिल्लांना सांगतात, “तो बघा, त्याला चालण्यातलं काही कळत नाही.”

तात्पर्य: सावकाश पण नेटाने चालणारा शेवटी पोहोचतोच. तोपर्यंत ठिकाण हलवलेलं असतं, त्याला चालणारा जबाबदार.