ठोक्यांचा माग

तार्वो विनोद करण्याआधी दोन सेकंद थांबतो. मी मोजले आहेत. मग वर्ग सरासरी नऊ सेकंद हसतो. माझ्या वर्गात लोक एकदाच हसले होते, भिंतीवरचा नकाशा सुटून माझ्या डोक्यावर पडला तेव्हा.

तरी एका बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या एस्टोनियात कोणी नाही. शत्रूच्या रेडिओलहरी पकडून त्याचा ठावठिकाणा कसा काढायचा, हे आम्ही दोघं सैनिकांना शिकवतो. शेवटच्या परीक्षेत शत्रू मी असते. जंगलात लपते, आणि सैनिकांनी मला शोधायचं. अठरा वर्षांत मी एकदाही सापडले नाही.

यंदा याच तळावरच्या मुख्यालयात माझी बढती ठरली होती. माझ्यामागे हा अभ्यासक्रम कोणाकडे द्यायचा, हे मेजर उर्मेट मार्चपासून दर सोमवारी विचारत. नाव मीच सुचवायचं होतं. नाव एकच होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी दर सोमवारी सांगायचे की अजून माहिती गोळा करते आहे. मग सप्टेंबर उजाडला, आणि परीक्षेच्या दिवशी नाव हवंच, असं त्यांनी बजावलं.

परीक्षेच्या सकाळी मी सगळ्यांचे फोन आणि घड्याळं लोखंडी पेटीत बंद केली. माझा फोनही टाकला. जो लहरी सोडतो तो मरतो, हे माझं आवडतं वाक्य ऐकवलं. मग डोक्याला रुमाल बांधला, हातात टोपली घेतली आणि निघाले. सप्टेंबरात आमच्या जंगलात झाडांइतक्याच अळंब्या वेचणाऱ्या बायका असतात. त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

मी तीन किलोमीटर लांब जायला हवं होतं. गेले सत्तर मीटर. सैनिकांच्या तंबूसमोरच्या झुडपामागे बसले. तार्वो पोरांना उत्तरं फोडतो की काय, हे मला बघायचं होतं. फोडत असता तर किती बरं झालं असतं!

तो फक्त शिकवत होता. शेगडीसाठी लाकडं फोडताना कुऱ्हाडीचा आवाज झाडांवर आपटून कसा परत येतो ते ऐकवत होता, आणि त्यावरून लहरी कशा फिरतात ते सांगत होता. पोरं वह्या काढून लिहीत होती. कोणी न सांगता! मला अठरा वर्षं दर तासाला ‘लिहून घ्या’ म्हणावं लागतं.

वीस मिनिटांनी मागून आवाज आला. "बाई, तुम्ही मेलात."

रौनो होता, वर्गातला सगळ्यात सरळमार्गी सैनिक. हातात ॲन्टेना, चेहरा दुःखी. कसं शोधलंस, म्हणून विचारलं तर त्याने एकदा माझ्या छातीकडे पाहिलं, मग घाईने आभाळाकडे. "तुमचा पट्टा, बाई."

रक्तदाब वाढल्यापासून डॉक्टरांनी मला छातीवर ठोके मोजणारा पट्टा लावायला सांगितलं आहे. तो माझे ठोके ब्लूटूथने फोनला कळवतो. फोन सापडेना, म्हणून आज त्याने ते सगळ्या जंगलाला कळवले होते.

तंबूत मेजरसाहेब येऊन बसले होते. समोर पडद्यावर माझा आलेख. रौनोने हवामानाच्या बातम्या वाचाव्यात तसा अहवाल वाचला.

"शत्रू शांत बसलेला असताना ठोके चौऱ्याहत्तर. तार्वो सर तंबूबाहेर आले, एकशे अठरा. सर हसले, एकशे सत्तावीस. सरांनी जाकीट काढून कुऱ्हाड उचलली, एकशे चौतीस. निष्कर्ष : शत्रूचा तार्वो सरांवर जीव जडला आहे. या कमजोरीचा फायदा घेता येईल."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तार्वो बीटासारखा लाल झाला. हळूच म्हणाला, "हेल्वेबाई, मला तुमच्याबद्दल फार आदर आहे. पण माझं लग्न ठरलंय."

मी सत्तावन्न वर्षांची, तो एकतीसचा. वाटाण्याचं सूप घेऊन आलेल्या स्वयंपाकीण माइमूने मात्र आमचे दोन वाडगे मुद्दाम शेजारी शेजारी ठेवले. वयाचं काय घेऊन बसलात, म्हणाली. तिचा नवरा तिच्याहून अकरा वर्षांनी लहान आहे आणि अजून पळालेला नाही.

मेजरसाहेब खाकरले. "असं असेल तर नियमाप्रमाणे तुम्हा दोघांना एका तळावर ठेवता येणार नाही. तार्वोची बदली करतो. मग शिकवायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुमची बढती थांबेल, अभ्यासक्रम तूर्त तुमच्याकडेच राहील."

म्हणजे मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला उत्तम जमतं. आमच्या देशात तो सद्गुण समजतात. आणखी दहा वर्षं वर्ग माझा, जंगल माझं. तार्वोने टोपी उचलली आणि पोरांना म्हणाला की पुढचा धडा बाईंकडून नीट समजून घ्या.

पट्टा अजून माझ्या छातीवरच होता. पडद्यावर आकडा चढत होता. एकशे एकोणचाळीस. एकशे त्रेचाळीस. बारा सैनिक तो आदबीने वाचत होते, आणि रौनो लिहून घेत होता. मी न सांगता.

"ते यंत्र आधी बंद करा," मी म्हणाले. "प्रेमबीम काही नाही. हेवा आहे. हा इथे आल्यापासून, दोन वर्षं. हा माझ्यापेक्षा चांगलं शिकवतो."

मेजरसाहेबांनी नाव लिहायला पेन काढलं.

"पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रम तार्वोकडे द्या."