चेअरमनसाहेबांचा डावा पाय

शाळेत क्रेप बँडेज एकच होतं, आणि ते चेअरमन आश्रुबांच्या धडधाकट डाव्या पायावर होतं.

त्याचं असं झालं. परळीला शिबिर करून आलेल्या मुंजाजी सरांनी खेळातल्या दुखापतींचं प्रात्यक्षिक ठेवलं. मुरगळलेल्या पायाला बर्फ लावा, असं शिबिरात सांगितलेलं. गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा, म्हणून सरांनी बर्फ फळ्यावर काढून दाखवला. रोगी म्हणून आडवे झाले प्रमुख पाहुणे, दूध सोसायटीचे चेअरमन. निवडणूक तोंडावर आणि फोटोग्राफर समोर! नववीतल्या शिवकन्यानं त्यांचा पाय असा झकास आवळून खुर्चीवर ठेवला, की कुंपणावरून डोकावणारा सटवा थेट पारावर जाऊन ओरडला, "चेअरमनचा पाय गेला!"

आजाऱ्याला भेटायला न जाणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता. आश्रुबा घरी पोचले तेव्हा ओसरी भरलेली.

"लई दुखतंय का, नाना?"

आश्रुबा 'न्हाई' म्हणणार, तोच पाहुणा म्हणाला, "काळजी करू नका. मत तुमालाच."

"लई दुखतंय," आश्रुबा म्हणाले.

संध्याकाळी शिवकन्या आली. "नाना, बँडेज द्या. परवा केजला खो-खोची फायनल हाय. रतनचा घोटा कच्चा हाय. पट्टी नसली तर सर तिला उतरू देणार न्हाईत, आन ती नसली तर आमी हारलोच."

"निवडणूक होऊ दे, बाई."

"सोडा की वो त्ये!" आतून आश्रुबांची बायको रुक्मिणीबाई कडाडल्या. "समदं पानी पावण्यांच्या चहात गेलं. उद्या अंगूळ काय दुधानं करायची?"

"करू की. सोसायटी आपलीच हाय."

शिवकन्या तिथून निघाली ती सरळ विरोधी उमेदवार मोहनरावांच्या दारात. अर्ज मागं घ्यायचा उद्या शेवटचा दिवस होता.

"काका, नानांचा पाय म्याच बांधलाय. खरं सांगते, असा पाय म्या आजवर बघितला न्हाई."

मोहनराव विरघळले. "आडव्या माणसासंगं काय लढायचं बे?" असं कार्यकर्त्यांना सुनावून दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज मागं घेतला. आश्रुबा बिनविरोध! बँडेज त्याच दुपारी शाळेत परत आलं.

रतन पळाली, पोरींनी फायनल मारली. गावानं दोन्ही सत्कार एकाच स्टेजवर उरकायचं ठरवलं. डोक्याला गुलाबी फेटा बांधून आश्रुबा लंगडत लंगडत पायऱ्या चढू लागले.

खालून मोहनरावांचा आवाज आला, "आश्रुबा, मोडला त्यो डावा व्हता ना?"

आश्रुबांनी घाईघाईनं पाय बदलला. पायरी चुकली, घोटा कडकन मुरगळला आणि चेअरमन आडवे.

"मेलो! लई दुखतंय!"

"आता कावून दुखतंय, नाना?" सटवा म्हणाला. "निवडून आलाव की!" गाव पोट धरून हसलं.

शिवकन्या मात्र धावली. घोटा चाचपला. खरंच सुजत होता. बँडेज रतनच्या पायाला. तिनं इकडंतिकडं पाहिलं, आणि चेअरमनसाहेबांच्या डोक्यावरचा फेटा उतरवून त्यांच्या घोट्याला आवळला. पाय सत्काराच्या खुर्चीवर ठेवला. मुंजाजी सरांचे डोळे भरून आले. असं प्रात्यक्षिक शिबिरातही झालं नव्हतं.

माणसं हळहळत पुढं सरकू लागली, तशा रुक्मिणीबाई पदर खोचून उभ्या राहिल्या.

"ज्येला भेटायचंय त्येनं हितंच भेटून घ्या. घरी चहा न्हाई!"