तुटक रेषेमागचं घर

नगरपालिकेच्या नव्या नकाशात शेवंताबाई घोडके यांचं घर तुटक रेषेनं काढलं गेलं, तेव्हापासून ते दिसेनासं झालं.

यात आरेखक खांबेट्यांची चूक नव्हती. समोर एखादी वस्तू आली की मागची तुटक रेषेनं काढायची, हा नियम एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही मोडला नव्हता. समोर नगराध्यक्षांची कमान होती. ती अजून बांधायची होती, म्हणजे खरं तर फिकट काढायची, पण मुख्याधिकारी म्हणाले, "अध्यक्षांची कमान आहे, चांगली ठसठशीत काढा." खांबेट्यांनी जाड रेषा ओढली. दुसऱ्या दिवशी चौकात कमान उभी होती.

शेवंताबाई आठवडाभर चाचपडत स्वतःच्या दारातून ये-जा करत राहिल्या. मग कार्यालयात खांबेट्यांच्या टेबलापाशी आल्या.

"सायेब, रविवारी पोरीला बघायला पाव्हणं येणार हायत. घरच दिसंना, तर पोर कशी दिसंल?"

"अर्ज द्या. स्थळपाहणी होईल."

"पाहणीवालं दोनदा येऊन गेलं. जागेवर घर आढळलं न्हाई, असं लिवून गेलं. म्या दारात उभी ऱ्हाऊन हाका मारत व्हते!"

खांबेट्यांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून रेषा बदलत नाही, आणि अध्यक्षांची कमान खोडायची त्यांची छाती नव्हती. दोन दिवस त्यांनी नियमपुस्तक चाळलं, तेव्हा कुठे वाट सापडली: छेद. छेद घेतला की पुढचा भाग काढून टाकला असं मानतात आणि मागचं सगळं अखंड रेषेनं दिसतं. छेदाला वरिष्ठांची परवानगीही लागत नाही.

रविवारी अकरा वाजता त्यांनी कमानीच्या मधोमध छेदरेषा मारली. त्याच वेळी कमानीखाली उभे राहून अध्यक्ष उद्घाटनाचं भाषण करत होते, हे आरेखन विभागाला कुणी कळवलं नव्हतं.

कमान उभी कापली गेली, सोबत अध्यक्षही. दोघांचाही पुढचा अर्धा भाग गेला. मागे शेवंताबाईंचं घर लख्ख दिसू लागलं. पाहुणे चपला काढून आत गेले, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली.

आता छेद पूर्ण करायचा राहिला होता. कापलेला भाग भरीव असेल तर तिरक्या रेषा मारायच्या, पोकळ असेल तर कोरा सोडायचा. खांबेटे नकाशा घेऊन चौकात गेले. कमानीचे खांब भरीव होते, तिथं रेषा मारल्या. मग त्यांनी अध्यक्षांच्या आत डोकावलं, आधी डावीकडून, मग उजवीकडून. भाषण चालूच होतं, टाळ्याही पडत होत्या.

सोमवारी मुख्याधिकाऱ्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "खांबेटे, इथं काही भरायचं राहिलंय का?"

"नाही साहेब. नियमानुसार आहे."

मुख्याधिकाऱ्यांनी सही केली.