तीन हजारांची रिबेट आणि सोमवारची अमावास्या

वाचकवर्गास सविनय कळविण्यात येते की, एका सद्गृहस्थाने नवी मोटार घेऊन निर्मात्या कंपनीकडून रिबेट कशी प्राप्त केली, याचे यथातथ्य निवेदन पुढे येत आहे. कोमल हृदयाच्यांनी बसून वाचावे.

ऑस्ट्रेलियातील टूवूंबा नगरीतील अवधूतराव यांच्या सौभाग्यवती नीलिमाताई यांस इस्पितळात नोकरी लागली. पहिली शिफ्ट बुधवारी, सकाळी सहाला. त्या समयी बस नसते. सबब, त्यापूर्वी मोटार दारी येणे अत्यावश्यक होते.

शोरूममधील विक्रांत मूळचा पुण्याचा. तो म्हणाला, "दादा, आत्ता पूर्ण पैसे भरा. तीन हजार डॉलर कंपनी नंतर परत देते."

"मग आत्ताच तीन हजार कमी घे की."

"तो डिस्काउंट झाला. कंपनी डिस्काउंट देत नाही. फक्त डिलिव्हरी तीस जूनला घ्या, सोमवारी. शेवटची तारीख आहे."

सोमवारी अमावास्या होती. अवधूतरावांच्या कुळात अमावास्येला कोणी सायकलीत हवासुद्धा भरली नव्हती.

"अरे, गाडी थायलंडची, रस्ता इथला," नीलिमाताई म्हणाल्या. "तुझी अमावास्या लागणार कुणाला?"

"अपशकुनाला व्हिसा लागत नाही."

अखेर सोमवारी केवळ सह्या करून मोटार शोरूममध्येच ठेवण्याचे ठरले. विक्रांत म्हणाला, "नो वरीज."

मंगळवारी अवधूतराव नारळ व चार लिंबे घेऊन सपत्नीक हजर झाले.

"दादा, घोळ झालाय. गाडी जागची हललीच नाही, म्हणून सिस्टीम डिलिव्हरी धरत नाही."

"मग आत्ता हलवतो."

"काल ती तुमच्या नावावर झाली. आत्ता हलवली की ती वापरलेली गाडी. वापरलेल्या गाडीला रिबेट नाही. रिबेट सोडत असाल तर ही घ्या चावी. नाहीतर कंपनीचा इन्स्पेक्टर तीन आठवड्यांनी येऊन गाडी कोरी आहे का ते बघेल, तोवर ती इथेच."

अवधूतरावांनी चावीकडे पाहिले, नीलिमाताईंकडे पाहण्याचे टाळले, आणि इन्स्पेक्टरची वाट पाहण्याचे पत्करले.

बुधवारी पहाटे साडेचारला नीलिमाताई तिकडच्या जुलैतील कडाक्याच्या थंडीत पायी निघाल्या. अवधूतराव विजेरी घेऊन पुढे चालले, कारण पत्नीवर त्यांचे निस्सीम प्रेम होते.

"बोलू नकोस माझ्याशी," त्या म्हणाल्या. हा संवाद तीन आठवडे चालला.

तदनंतर मोटार आली आणि रिबेटही मंजूर झाली, परंतु व्हाउचरच्या रूपाने. ते केवळ पुढील नव्या मोटारीवर चालणार होते.

नीलिमाताईंच्या आज्ञेवरून अवधूतरावांनी ते मराठी मंडळाच्या ग्रुपवर फुकट देऊ केले. दहा मिनिटांत सत्तेचाळीस जणांनी हात वर केले. त्यांपैकी एकासही मोटार घ्यावयाची नव्हती.

वाचकहो, त्या यादीत आपले नाव कितवे होते, हे मी येथे छापीत नाही.

इतके वाचल्याबद्दल ऋणी,
दत्तप्रसाद खरवडे, टूवूंबा