हकीकत चाकाच्या खुर्चीची

श्रीगजवदनास नमन, वाग्देवीस नमन, आणि ज्यावाचून हल्ली कोणतेही राज्य घटकाभर चालत नाही त्या नेटवर्कासही नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास. संवत्सराचे नाव क्रोधी आणि लिहिणाराचे मनही तैसेच, म्हणोन अक्षर वाकडे आले तरी मजकूर सरळ आहे. सात इमारतींचे एक राज्य होते आणि त्या राज्यात व्हॉट्सॲपवर एक दरबार भरत असे, नाव 'नको ते द्या'. ज्याचे घरी जी वस्तू अडगळ जाहली त्याने तिचा फोटो ठेवावा आणि ज्यास हवी त्याने फुकट न्यावी, ऐसा पुण्याचा बेत. दरबाराच्या ॲडमिन कुमुदिनीबाई गद्रे, मोठ्या करारी, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी कायदा केला की जो प्रथम 'मला' लिहील वस्तू त्याची, कारण पुसणे नाही. सर्वांनी अंगठे उमटविले. मग दानशूरांनी काय दिले ते ऐकावे: झाकण हरवलेला कुकर, तडा गेलेला आरसा, उशी म्हणावी तर कापूस बाहेर, आणि वर 'चांगल्या घरी जावे' ऐसा आशीर्वाद! आणि घेणारांत अग्रणी दिगंबरराव खांडके, तिसऱ्या इमारतीचे सरदार, त्यांचे बोट ऐसे चपळ की फोटो उघडण्याआधी 'मला' उमटे. एकदा एका आजींनी नवजात नातवाचा फोटो चुकून दरबारात टाकिला, त्याखालीही राव 'मला' लिहून मोकळे जाहले.

मग वद्य तृतीयेस भर दुपारी पाचव्या इमारतीच्या दातेबाईंनी चाकाची खुर्ची ठेविली, चांगली, कोरी म्हणावी ऐसी. आता फाटकाशी टेबल मांडून तीस वर्षे ज्यांनी अवघ्या राज्याच्या कपड्यांस इस्त्री केली ते सोपानराव राऊत, पक्षाघात होऊन दीड वर्ष मागच्या खोलीत भिंतीकडे पाहात होते आणि त्यांचे एकच मागणे, "एकदा फाटकापाशी नेऊन बसव गं, माणसं बघू दे." त्यांची बायको अनसूयाबाई आता त्याच टेबलावर इस्त्री करीत असे. तिने फोटो पाहिला, इस्त्री उभी ठेविली आणि एका बोटाने लिहू लागली. एका शब्दात मागावे हे तिच्या रीतीत बसेना. 'अनसूया राऊत टाइप करत आहे' ही अक्षरे अवघ्या दरबाराने पाहिली, आणि कोणी थांबले नाही. चार मिनिटांनी मजकूर आला: "नमस्कार ताई. मी इस्त्रीवाल्यांची अनसूया. आमच्या ह्यांना बसता येतं पण चालता येत नाही. खुर्ची मिळाली तर फाटकापर्यंत नेईन. कोणाला जास्त गरज असेल तर त्यांना द्या, माझी हरकत नाही." दिगंबररावांचे 'मला' केव्हाच उमटले होते.

मग अनसूयाबाई इस्त्रीचे कपडे घेऊन कुमुदिनीबाईंच्या दारी गेली आणि म्हणाली, "ताई, काही होईल का?" बाई वदल्या, "अगं, आधी 'मला' लिहायचं, मग काय ती गोष्ट सांगायची. प्रत्येकासाठी नियम मोडत बसू का मी?" दिगंबररावांस कोणी पुसिले तेव्हा ते म्हणाले, "आज आमच्याकडे आजारी कोणी नाही, खरंय. पण पुढेमागे लागेलच की!" आणि खुर्ची गॅलरीत उभी राहिली आणि तीवर ओल्या गोधड्या वाळू लागल्या, आणि अनसूयाबाईच्या टेबलावरून ती गॅलरी नीट दिसत असे. काय म्हणावे या लोकांस! चार मिनिटे! नाटकाचे तिकीट काढावयास तासभर रांगेत उभे राहतात, आणि एका बाईचे वाक्य पुरे होईतो बोट आवरवत नाही! संताप येतो, आणि अधिक संताप याचा की त्या कायद्याखाली एक अंगठा या लिहिणाराचाही होता, आणि त्या दुपारी आम्हीही गप्प राहिलो.

पुढे माघ मासी रावांनी गॅलरीस रंग काढिला आणि खुर्चीचा फोटो पुन्हा दरबारात आला: "जागा अडते आहे, कोणास हवी?" या वेळी कोणाचे बोट हलेना. मग वर अक्षरे आली, 'अनसूया राऊत टाइप करत आहे', आणि कुमुदिनीबाईंनी स्वतः लिहिले, "कोणी काही लिहू नका, थांबा." सातही इमारती थांबल्या. अक्षरे जात, पुन्हा येत. मग मजकूर आला: "नमस्कार ताई. आता नको. ह्यांना आता बसवत नाही. कोणाला पाहिजे असेल तर त्यांना लवकर द्या."

एकूण जाहले ते इतके. कायदा अक्षरशः पाळिला गेला, दरबार सुरळीत आहे, काल एक मिक्सर आणि दोन पडदे निघाले. सोपानराव भिंतीकडेच आहेत. मागच्या खोलीपासून फाटकापर्यंत बेचाळीस पावले भरतात. आम्ही चालून पाहिली, उशिराने.