चौधरी सरांची आमरी

आमच्या सिंधीपुऱ्यातले चौधरी सर दुसऱ्यांच्या चपला घासतात. गणिताचा रिटायर मास्तर, ज्याला अर्धं बऱ्हाणपूर टरकून असायचं, तो धूलकोट रस्त्यावरच्या पाणथळ जागेच्या फाटकाशी बादली न् ब्रश घेऊन बसतो आणि येईल त्याला म्हणतो, "पाय उचला जी."

कारण असं, की चपलेच्या तळाला गाजरगवताचं बी चिकटून येतं आणि आतल्या दुर्मीळ रोपांच्या उरावर बसतं. हे काम सरांना कोणी दिलेलं नाही. जंगलखात्याने कुंपण घातलं, पाटी लावली, आणि सर आपणहून रुजू झाले. एकदा खात्याचे मोठे साहेब आले, तर सरांनी त्यांचेही बूट उतरवले. "साहब, बीज को क्या मालूम आप कौन हो?" साहेब बराच वेळ मोज्यांवर उभे होते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सरांनी मला चिखलात गुडघे टेकायला लावले आणि नखाएवढं लालसर रोप दाखवलं. "हा दवबिंदू. माशी खातो."

"एवढासा?"

"तू नववीत केवढा होता? वर्गाचे डबे खाऊ राहिला होता न?"

फाटकाबाहेर सरांची वेगळीच बाग आहे. हरतालिकेला बाया पूजेची पत्री तोडायला यायच्या आणि हाताला लागेल ते घेऊन जायच्या. सरांनी भांडण केलं नाही. कुंपणाबाहेर दूर्वा, आघाडा, तुळस, कण्हेर सगळं लावून टाकलं. "इथून न्या बाई, पाहिजे तेवढं. आतलं पार्वतीला चालत नाही." हे शास्त्र त्यांनी कुठून काढलं, देव जाणे.

आत एके ठिकाणी मात्र चार काड्या रोवून सुतळी बांधलेली होती आणि मध्ये नुसतं गवत. श्रावण लागला की सर रोज तिथे जाऊन बघून यायचे. एकदा मी खनपटीलाच बसलो, तेव्हा बोलले. फार वर्षांपूर्वी, कुंपण नव्हतं तेव्हा, ते इथे बायकोसाठी, म्हणजे आमच्या काकूंसाठी, हरतालिकेची पत्री आणायला आले होते. पांढरी आमरी फुललेली होती. आमरी म्हणजे ऑर्किड. सरांनी सगळी कंदासकट उपटली आणि काकूंना नेऊन दिली.

"मागून समजलं, तेवढीच होती. मीच संपवली रे."

"काकूंना माहीत आहे?"

"तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

पाढा चुकला म्हणून मला कोंबडा करणारा हा माणूस स्वतःची चूक सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. मला फार वाईट वाटलं.

आणि या भाद्रपदात आमरी आली. कंदाचा तुकडा मातीत राहिला होता की कुठून बी उडून आलं, सरांनाही ठाऊक नाही. एकच दांडा, तीन फुलं. सर सकाळीच माझ्या दारात उभे. मी म्हटलं, काकूंना आणू या.

काकूंचे गुडघे गेलेले, चिखलात चालणं अशक्य. मग रिक्षा केली, घरची प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि आम्ही दोघांनी काकूंना खुर्चीसकट उचलून आत नेलं. "पाडू राहिले हो मला!" म्हणत काकू पोरीसारख्या हसत होत्या.

आमरीसमोर खुर्ची टेकवली. सरांनी घसा खाकरला. "तुला सांगायचं राहिलं. तेव्हा मी आणली होती न, ती इथलीच. एक नाही ठेवली."

"मला माहीत आहे न जी," काकू म्हणाल्या. "कंदाला ओली माती होती. तेव्हाच बोलणार होते, एवढं चांगलं झाड कायले उपटलं."

"मग बोलली काहून नाही?"

काकू फुलांकडेच बघत होत्या. "लग्न झाल्यावर पहिल्यांदा तुम्ही माझ्यासाठी फूल आणलं होतं."

खुर्चीचा एक पाय चिखलात रुतत चालला होता. सर खाली बसले आणि काकूंचं बघून होईपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून राहिले.