फोननं विचारलं, बाबांनी सांगितलं

व्हिडिओ बाबांच्या फोनवर काढायचा, असं मी ठरवलं, कारण माझ्या फोनमध्ये जागा उरली नव्हती. (ती मैत्रिणींच्या फोटोंनी खाल्ली होती. प्रत्येक फोटोत मधोमध मीच होते, हा भाग वेगळा.)

व्हिडिओ नोकरीसाठी होता. ज्येष्ठ नागरिकांना फोन आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका संस्थेनं शिकवण्याचा नमुना मागवला होता. तो पाचपर्यंत पोचला नाही, तर माझी डिग्री आणखी वर्षभर कपाटावर धूळ खाणार होती. विषय मी निवडला, ‘फोन वापरताना फसू नका’. कॅमेऱ्यामागे बाबा. माझ्या प्रत्येक वाक्यावर ते गंभीरपणे ‘बरं’ म्हणत होते. ते व्हिडिओत येतंय म्हणून मी ओरडले. तेही व्हिडिओत आलं.

फोनवरून एवढा जड व्हिडिओ जाईना, म्हणून फोन कॉम्प्युटरला जोडला. कॉम्प्युटर त्याला ओळखच दाखवेना. फोन चार्ज होत होता, म्हणजे जेवत होता, पण बोलत नव्हता. (आमच्या घरात असं वागणारी माणसं आहेत, त्यामुळे फार धक्का बसला नाही.)

केबल आखूड. बाबा दोन्ही हातांत फोन धरून स्टुलावर, आणि मी टेबलाखाली, कॉम्प्युटरच्या पाठीमागे. केबल इथून काढून तिथे लावली. दुसरी केबल आणली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दर वेळी ‘टुंग’ व्हायचं, माझ्या जिवात जीव यायचा, आणि लगेच सगळं शांत. आई दारातून म्हणाली, फोन जुना आहे, जरा दमानं घे. मी म्हणाले, जुने फोन आणि जुनी माणसं यांच्यापायी माझं आयुष्य वाया जाणार आहे. बाबांनी फोन आणखी घट्ट धरला.

पाच वाजत आले तशी मी ताडकन उठले, डोकं टेबलाला आपटलं, आणि त्या अवस्थेत मला बाबांचा अंगठा दिसला. टुंग झालं की तो फोनवर टेकत होता.

“बाबा, काय दाबताय?”

“तो विचारतोय, या कॉम्प्युटरला आतलं बघू द्यायचं का. मी ‘नको’ दाबतो.”

“दर वेळी?”

“दर वेळी विचारतो ना तो. तूच व्हिडिओत सांगितलंस, फोननं परवानगी मागितली की नको म्हणायचं आणि घाबरायचं नाही. मी घाबरलो नाही.”

मी थक्क होऊन बघत राहिले. जन्मापासून मी या घरात बोलतेय, कुणी ऐकतंय असं कधी वाटलं नव्हतं. आणि इथे एक माणूस, माझाच आरडाओरडा सोसत, माझाच शब्द पाळत ताठ बसला होता. चेहऱ्यावर पहारेकऱ्याचं तेज. प्रचंड डोंगराच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर वाटतं तसं वाटलं. आपण केवढे लहान, आणि आपला आवाज केवढा मोठा.

“आता हो म्हणा,” मी हळूच म्हणाले.

“घाई करतेयस. घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, असंही म्हणाली होतीस.”

मग मी जमिनीवर बसले आणि हा कॉम्प्युटर आपलाच कसा, हे न ओरडता समजावलं. (आई बघायला आत आली.) बाबा ‘बरं’ म्हणाले आणि अंगठा टेकला. व्हिडिओ वेळेत गेला.

दोन दिवसांनी संस्थेतून फोन आला. विषय छान, पण शिकवणाऱ्या बाईंना धीर कमी आहे, असं त्यांचं मत पडलं. मागून ‘बरं’ म्हणणारे गृहस्थ मात्र फार शांत वाटले, ते येतील का शिकवायला?

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी ‘नको’ म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं नाही.